अळणी फेब्रुवारी

फेब्रुवारी लागला की माझ्या जिभेला कडू चव येते. दात तपासून घेतले, पोटाचं औषध घेऊन पाहिलं, सहकारी बाईंनी सांगितलेला जिऱ्याचा काढाही प्यायले. फरक पडत नाही. हॉलतिकिटाच्या झेरॉक्ससाठी बारावीची पोरं दुकानांपुढे घोळक्याने उभी राहायला लागली, नवीन पनवेलच्या रस्त्याने सकाळी सातला पुस्तक छातीशी धरून पुटपुटत जाणारी एखादी मुलगी दिसली, की ती चव जिभेच्या मागच्या बाजूने हळूहळू पुढे सरकते. शेवटचा पेपर झाला की आपोआप जाते. अकरा वर्षं हे असंच चाललं आहे, आणि मी त्याच पोरांना रसायनशास्त्र शिकवून पोट भरते.

परवा वर्गात सॉल्ट ब्रिज घेत होते. दोन काचेची पात्रं, त्यांना जोडणारी एक वाकवलेली नळी, नळीत पोटॅशियम क्लोराइड. श्रावणी म्हणून एक मुलगी आहे, ओवे गावाहून येते, पहिल्या बाकावर बसते आणि परीक्षेला न येणारे प्रश्न विचारते. ती म्हणाली, "मॅडम, हे पण मिठासारखंच दिसतं ना? खाल्लं तर कसं लागेल?"

मागची पोरं हसली.

"कडू," मी म्हणाले.

"तुम्ही खाल्लंय?"

"एकदा. चार दिवस उशिरा."

तिला ते कळलं नाही, कळण्याचं कारणही नव्हतं. मी फळ्याकडे वळले आणि नळीची आकृती काढायला लागले.

माझ्या बारावीच्या फेब्रुवारीत मी या विषयात बुडत होते, हे माझ्या विद्यार्थ्यांना खरं वाटत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिथे पाणी, आम्ल, क्षार असे शब्द होते आणि ते घरातल्या माणसांसारखे ओळखीचे होते. अकरावी सायन्सला गेले आणि सगळं एका दिवसात इंग्रजी झालं. पहिलं वर्ष शब्दकोश उघडण्यात गेलं, दुसरं तो मिटून रडण्यात. प्रिलिमला केमिस्ट्रीत सत्तरपैकी तेरा पडले. तपासलेला पेपर परत देताना सरांनी नुसतं माझ्या नावाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याची मला अजून चीड येते, कारण आता मीही कधी कधी तसंच बघते.

आणि घरात बाबा जेवत नव्हते.

बाबांच्या किडन्या साखरेने खाल्ल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. फ्रिजच्या दारावर दवाखान्यातून आणलेला पथ्याचा कागद चिकटवलेला होता: मीठ बंद, सुकी मासळी बंद, लोणचं बंद, नारळपाणी बंद, केळं बंद, टोमॅटो बंद. आई तो कागद रोज वाचायची. बाकी सगळं बाबांनी सोडलं, कुरकुर केली नाही. पण मीठ सुटलं आणि त्यांचं जेवणच सुटलं. तरुणपणी ते मिठागरावर कामाला होते. आमच्या घरात दोन पिढ्या मीठच पिकवत आल्या. मी जन्मायच्या आधी ते मिठागर बंद पडलं, बाबा पनवेलला येऊन टेम्पो चालवायला लागले, आणि आता त्या जागेवर विमानं उतरतात. पण त्यांची जीभ मिठागरावरचीच राहिली होती. अळणी भाताचा घास ते तोंडात असा धरून बसायचे, जणू तो कुणीतरी परत घ्यावा.

"उपाशी राहून मराल त्या किडनीच्या आदी," आई म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायची.

महिन्याभरात बाबांचं मनगट माझ्या मनगटाएवढं झालं. डॉक्टर म्हणाल्या, खाल्लं नाही तर डायलिसिस सोसणार नाही. मी पुस्तकातून डोकं वर काढलं की ते मनगट दिसायचं. खाली घातलं की सत्तरपैकी तेरा दिसायचे. त्या दोन्हींमध्ये मी अशी अडकले होते की देवाजवळ काय मागायचं तेही ठरत नव्हतं.

अभ्यासाला मी गॅलरीत बसायचे, कारण घरात उजेड तिथेच होता. बाबांची खुर्चीही तिथेच. सकाळचं कोवळं ऊन त्यांच्या पायांवर असायचं आणि मी खाली चटईवर बसून पाठ करत असायचे. मला कळत नसलेलं मी मोठ्याने म्हणायचे. मोठ्याने म्हटलं की कळल्यासारखं वाटतं, आजही माझे अर्धे विद्यार्थी तेच करतात. बाबा ऐकत असायचे. त्यांना काय कळायचं कुणास ठाऊक, पण शेजारीपाजारी आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, "माजी पोर सायन्सला हाय."

एका सकाळी त्यांनी विचारलं, "सॉल्ट म्हंजे मीठच ना गो बाय?"

"हो. पण सॉल्ट एकच नसतं बाबा, खूप प्रकारची असतात."

"त मना काय नवा हाय?" ते खुर्चीत जरा सरळ झाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता. "वाफ्यान खाडीचा पानी घेतला का उन्हान आटते. पयला चांगला मीठ तलाला परते. ते वर्ती ओढून घेवाचा. खाली जो पानी रहते ना, तो कडू जहर. तो खाडीन सोडून देवाचा. कोनी लोभ केला आन तोबी आटवला, त सगला मीठ कडू. मंग जनावरबी तोंड लावत नाय. म्हनून आमचा बापूस बोलाचा, जिभेवर ठेवल्याबिगर फावडा मारू नको."

"बाबा," मी म्हणाले, "हे परीक्षेला नाहीये."

ते परत खुर्चीत मागे रेलले. मी पान उलटलं.

हे वाक्य मी अकरा वर्षांत किती वेळा मनात परत ऐकलं असेल त्याला सुमार नाही. आता शिकवताना ते चुकूनही तोंडातून जाऊ देत नाही. श्रावणीसारख्या मुलीला वर्गात पाच मिनिटं जास्त मिळतात, बाकीची पोरं कंटाळतात, कंटाळू देत. समुद्राच्या पाण्यातून साधं मीठ खाली बसलं की मागे जे उरतं त्यात मॅग्नेशियम असतं, पोटॅशियम असतं. बाबांनी त्या सकाळी मला चौथी पास भाषेत नेमकं हेच सांगितलं होतं. मला ते इंग्रजीत आणि ठळक अक्षरात हवं होतं.

त्यानंतर आठवड्याभरात मला अक्कल सुचली. आयुष्यात पहिल्यांदा केमिस्ट्रीतलं काहीतरी स्वतःहून सुचलं, म्हणून तो क्षण लख्ख आठवतो. सॉल्ट ब्रिजमध्ये पोटॅशियम क्लोराइड का वापरतात, हे उत्तर पाठ करत होते. मूलद्रव्यांच्या तक्त्यात सोडियमच्या बरोबर खाली पोटॅशियम. एकाच उभ्या रांगेतली भावंडं. डॉक्टर म्हणतात सोडियम नको. मग मिठातलं सोडियम काढून त्याच्या भावाला बसवलं तर? खारट तर लागेलच. मी चटईवरून उठले. वाटलं, दोन वर्षं जी भिंत डोक्याने फोडत होते तिच्यात दार सापडलं.

तसं मीठ बाजारात मिळतं हे मला माहीतही नव्हतं. गुरुवारी, बाबा डायलिसिसला गेलेले असताना, मोठ्या दुकानात जाऊन शोधलं. छोटी पांढरी डबी, वर ठसठशीत लिहिलेलं, सोडियम नसलेलं. मागे बारीक अक्षरांत घटक: पोटॅशियम क्लोराइड. त्या दोन शब्दांवर मी दुकानात उभ्या उभ्या बोट फिरवलं. त्याच्याही खाली आणखी बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती मी वाचली नाही.

"याच्यात सोडियम नाही, आई. मी पुस्तकात बघितलंय," मी सांगितलं.

आईने डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि डोळ्यांना पदर लावला. फ्रिजवरच्या कागदावर मीठ बंद लिहिलं होतं आणि हे तर मीठ नव्हतं. कागदावर पदार्थ लिहिलेले होते, माझ्या पुस्तकात मूलद्रव्यं. नारळपाणी, केळं आणि टोमॅटो यांना एकाच कागदावर का बसवलंय, हा प्रश्न त्या घरात फक्त मला पडायला हवा होता. मला तो पडला नाही.

त्या संध्याकाळी आईने ओल्या बोंबलाचं कालवण केलं. बाबांचं वेगळं, छोट्या पातेल्यात, नेहमीसारखं अळणी. ताट वाढल्यावर मी डबी घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि कालवणावर, भातावर सढळ हाताने ते पांढरं भुरभुरवलं. खरं सांगते, माझ्या हाताला त्या वेळी जी धन्यता वाटत होती ती पुढे डिग्री घेतानाही वाटली नाही.

बाबांनी घास घेतला. त्यांचा हात ताटावर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, चव आली म्हणून गहिवरले.

"कसं आहे?"

"झकास," ते म्हणाले. "वाढ अजून."

आमच्यापैकी कुणीही ते चाखलं नाही. आईला आणि मला साधं मीठ होतंच, आणि ते बाबांचं औषधच असल्यासारखं आम्ही वेगळं ठेवलं. मला तर चाखायची सवयच मोडलेली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी सांगितलेला नियम होता, इथलं काहीही जिभेला लावायचं नाही. चांगला नियम आहे, मीही पोरांना तोच सांगते. पण मी तो नियम घरी घेऊन आले आणि मिठागरावरचा नियम, जो माझ्या बापाने मला आठवड्यापूर्वी फुकटात सांगितला होता, तो गॅलरीत टाकून दिला.

शुक्रवार, शनिवार, रविवार. दोन्ही वेळा मी स्वतः त्यांच्या ताटावर भुरभुरवत होते आणि बाबा ताट स्वच्छ करत होते. आई गुणगुणायला लागली होती. आणि माझा अभ्यास होत होता, हे सांगायला आज लाज वाटते. ते तीन दिवस मला केमिस्ट्री कळत होती. गणितं सुटत होती. वाटायचं, आता जमेल, दोन्ही जमेल.

सोमवारी सकाळी डायलिसिसला निघायचं म्हणून बाबा खुर्चीतून उठायला गेले आणि उठले नाहीत.

"पाय माजं नाय ते," ते म्हणाले. घाबरून नाही, एखादी वस्तू सापडत नसल्यासारखं.

मी हात धरला. हात थंड होता आणि नाडी इतकी सावकाश की पुढचा ठोका येईपर्यंत मी श्वास धरून बसले. खालच्या मजल्यावरच्या काकांनी गाडी काढली. आई मागे बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मी पुढे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या रिक्षात युनिफॉर्ममधल्या तीन मुली पुस्तकं उघडून बसलेल्या होत्या. माझा केमिस्ट्रीचा पेपर बुधवारी होता. ते मला तेव्हा आठवलं, आणि आठवलं याचा राग आला.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या. डॉक्टरांनी कागदावरच्या रेघा बघितल्या आणि नर्सला धावायला लावलं. मग आमच्याकडे वळल्या. "पोटॅशियम भयंकर वाढलंय. काय खाल्लं यांनी? नारळपाणी दिलंत? फळं?"

"नाय ओ," आई रडत म्हणाली. "काय पन नाय दिला. तुमचा कागद लावलाय घरात."

पोटॅशियम हा शब्द मी ऐकला आणि डबीच्या मागची अक्षरं आठवली. मला तिथून पळून जायचं होतं, हे मी लपवणार नाही. दोन-तीन सेकंद मी खरोखरच दाराकडे बघत होते. गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलं नसतं.

"मी दिलं," मी म्हणाले. "पोटॅशियम क्लोराइड. मिठाऐवजी. चार दिवस."

"कुणी सांगितलं तुला?"

"बारावीच्या पुस्तकात..."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "खराब किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. हृदय बंद पडतं. आज सकाळी जेवले नाहीत, हे नशीब." आणि आत गेल्या.

आईने माझ्याकडे बघितलं. तिने मला जवळ घेतलं नाही.

दुपारी कपडे आणायला मी एकटी घरी आले. ओट्यावर डबी होती. मी ती उलटी केली आणि ती शेवटची बारीक ओळ वाचली, ज्यात किडनीच्या रुग्णांसाठी सूचना होती. मग चिमूटभर काढून जिभेवर ठेवलं. आधी किंचित खारट. मग मागून कडू, लोखंडी, घशापर्यंत उतरणारं. लहान मूलही थुंकून टाकेल असं. ज्या माणसाने उभं तरुणपण जिभेवर ठेवल्याशिवाय फावडं मारलं नाही, तो हे सात वेळा ताट पुसून जेवला होता.

मंगळवारी दुपारी बाबांना वॉर्डात हलवलं. आई चहा प्यायला खाली गेली होती. खिडकीतून बाहेरच्या बांधकामाची धूळ आत येत होती आणि मी उशाशी बसून त्यांच्या हातावरची सुईची पट्टी बघत होते.

"मी उद्याचा पेपर देणार नाही," मी म्हणाले.

"का गो?"

"मला काही येत नाही, बाबा. काहीच येत नाही." मग जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते विचारलं. "तुम्हाला कडू नाही लागलं?"

"लागला ना. पयल्याच घासाला." ते छताकडे बघत होते. "तोच तो, खालचा पानी. किती वरसांनी जिभेवर आला, पन वलखला."

"मग थुंकला का नाहीत? मला बोलला का नाहीत?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"डाक्टरीन बोल्ली व्हती, या दुखन्यान जिभेची चव जाते. मना वाटला, माजीच जीभ बिगरली. तू पुस्तकान वाचून आनलास. मी चौथी शिकलेला मानूस. तुजा पुस्तक खोटा कसा बोलल?"

त्या पुस्तकात एक अक्षरही खोटं नव्हतं, हेच तर सगळ्यात वाईट आहे. खोटं काहीच नव्हतं. तेरा मार्कांच्या पोरीवर विश्वास ठेवण्यासाठी एका जाणत्या माणसाने स्वतःची जीभ खोटी ठरवली, एवढंच झालं. मी त्यांच्या पांघरुणात तोंड घालून रडले. त्यांनी मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि तो जड होता, कारण त्यात ताकद अजून आली नव्हती.

"जा उंद्या," ते म्हणाले. "बाकीच्या पोरांना त्याची चव म्हायती नाय. तुना हाय."

मी गेले. सॉल्ट ब्रिज पेपरात आला का, असं ही गोष्ट कुणाला सांगितली की विचारतात. नाही आला. जे आलं ते लिहिलं. सत्तरपैकी एकतीस पडले. पुढे मी हाच विषय घेतला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आवड आहे. आवड नंतर आली. आधी होती ती भीती, की या विषयातलं आपल्याला न कळलेलं एखादं वाक्य अजून कुठेतरी स्वयंपाकघरात पडलेलं असेल. बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले, अळणी खाऊन, कुरकुर न करता. गेले ते वेगळ्याच कारणाने. तरी दर फेब्रुवारीत मी मनाने त्या वॉर्डात, त्यांच्या उशाशी जाऊन बसते आणि तोच प्रश्न विचारते, थुंकला का नाहीत. उत्तर बदलत नाही.

पण त्या फेब्रुवारीतला शेवटचा दिवस मला सांगायला हवा. शुक्रवारी बाबा घरी आले. दुपारी आईने कालवण केलं, बाबांचं छोट्या पातेल्यात. आई अजून माझ्याशी धड बोलत नव्हती. ती ताट घेऊन वाढायला वाकली तर बाबांनी हाताने थांबवलं.

"बाय वाढल," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

मी दारातच उभी होते. मला पुढे जायचं नव्हतं. आईने पळी माझ्यापुढे धरली, तेव्हा गेले. छोट्या पातेल्यातून पळी भरली आणि ताटाकडे नेता नेता माझा हात मध्येच थांबला. मी तळहातावर दोन थेंब घेतले आणि जिभेला लावले. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसा हाय?"

"अळणी."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले. "वाढ."